मदत दोन दिवसांवर असताना: दुर्गम रानातल्या मुक्कामाची तयारी

गाडीरस्त्याच्या कडेला लावलेला तंबू रात्री गळायला लागला, तर माणसं गाडीत जाऊन बसतात आणि सकाळी घरी येतात. तोच तंबू रस्त्यापासून दोन दिवसांच्या चालीवर गळायला लागला, तर स्लीपिंग बॅग भिजते, अंगातली ऊब जाते आणि पहाटेपर्यंत बोटं इतकी बधिर होतात की स्टोव्ह पेटवता येत नाही. तंबू तोच, पाऊसही तोच. वाढलं ते अंतर.

म्हणून दुर्गम रानात मुक्कामाला जाताना सामानाच्या यादीपासून सुरुवात करू नका. आधी नकाशावर आपल्या वाटेवरचं सगळ्यांत आतलं ठिकाण शोधा आणि एक हिशेब मांडा: इथे कुणाचा पाय मोडला, तर त्याच्यापर्यंत मदत किती तासांत पोचेल? समजा, सोबत्याला नेटवर्क मिळेल अशा जागी पोचायला सात तास लागतात. पथक जमून पायथ्याशी यायला चार-पाच तास. तिथून स्ट्रेचर घेऊन आत यायला आठ-नऊ तास. झाले वीस तास, तेही हवा चांगली असेल आणि अंधारात चालता येत असेल तर. म्हणजे एक अख्खी रात्र धरायचीच, बऱ्याचदा दोन. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. काय न्यायचं, किती न्यायचं, कुठे तंबू लावायचा, कधी मागे फिरायचं, हे सगळं त्यावरून ठरतं. हलू न शकणाऱ्या माणसाला तेवढे तास कोरडं, उबदार ठेवता आलं आणि पाणी देता आलं, तर तयारी पुरेशी आहे.

आधी वाट कागदावर चाला

किती किलोमीटर चालायचं यावरून दिवस आखणं ही नवख्यांची सगळ्यांत नेहमीची चूक. डोंगरात वेळ खातो तो चढ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली यासाठी एक सोपा नियम मांडला आणि तो आजही वापरात आहे. साधारण दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास धरायचा. १४ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल, तर अंतराचे पावणेतीन तास आणि चढाचा दीड तास, असे सव्वाचार तास होतात.

पण हा हिशेब हलक्या ओझ्याने, चांगल्या पायवाटेने, न थांबता चालणाऱ्या तंदुरुस्त माणसाचा आहे. पाठीवर १४-१५ किलोची सॅक असेल आणि खाण्यापिण्याचे, फोटोंचे, वाट शोधण्याचे थांबे धरायचे असतील, तर आलेल्या आकड्याची दीडपट करा: साडेसहा तास. वाटच नसेल, झाडोऱ्यातून किंवा मोठ्या दगडधोंड्यांवरून जायचं असेल, तर दुप्पटही कमी पडते. तीव्र उतारही वेळ वाचवत नाही. तिथे गुडघे सांभाळत उतरावं लागतं. आणि चाल कायम गटातल्या सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याची धरायची.

मुक्कामावर सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोचायचं ठरवा. जागा शोधणं, तंबू लावणं, पाणी आणणं, ते शुद्ध करणं, जेवण करणं ही कामं उजेडात करायची आहेत. तिथून उलट मोजत आलात की निघण्याची वेळ मिळते, आणि तिच्यासोबत आणखी एक वेळ मिळते जी लोक ठरवतच नाहीत: मागे फिरण्याची. 'एक वाजेपर्यंत खिंडीत पोचलो नाही, तर परत' असं घरीच लिहून ठेवा. दमलेलं डोकं खिंडीच्या पायथ्याशी उभं राहून हा निर्णय नीट घेऊ शकत नाही.

नकाशा वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. त्यांच्यामधलं उंचीचं अंतर नकाशाच्या समासात दिलेलं असतं. २० मीटर असेल, असं समजू. दोन रेषा कागदावर एकमेकींपासून १ मिलिमीटरवर असतील, तर ५० मीटर चालण्यात २० मीटर चढ, म्हणजे दमवणारी पण चालता येण्याजोगी चढण. त्याच रेषा अर्ध्या मिलिमीटरवर आल्या, तर २५ मीटरला २० मीटर, म्हणजे चाळीस अंशांच्या जवळपास. तिथे हात टेकावे लागतील, आणि पाठीवर मोठी सॅक असताना ते ठिकाण टाळलेलं बरं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रेषांमधलं अंतर २० मीटर असेल, तर १५ मीटरचा सरळसोट कडा दोन रेषांच्या मधे पूर्ण लपू शकतो. नकाशावर निर्धोक दिसणाऱ्या उतारावरून 'जवळची वाट' काढणारे अडकतात ते अशा ठिकाणी.

होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, नकाशा खरी उत्तर दाखवतो. दोन्हींतला कोन ठिकाणानुसार बदलतो. तो नकाशावर किंवा आंतरजालावर बघून टिपून घ्या. १० अंशांची चूक १ किलोमीटरवर तुम्हाला जवळजवळ १७५ मीटर बाजूला नेते. दाट झाडीत तेवढ्यात ओढा चुकतो, वाट चुकते.

फोनमधलं जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं, पण नकाशा आधी उतरवून घेतलेला असेल तरच उपयोग. घरी फोन एअरप्लेन मोडवर टाका, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि आपल्या वाटेचा भाग मोठा करून बघा. कोरे चौकोन दिसले, तर नकाशा उतरलेलाच नाही. रानात फोन एअरप्लेन मोडवरच ठेवायचा. नेटवर्क शोधत राहण्यात बॅटरी सगळ्यांत जलद संपते. आणि कागदी नकाशा पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असलाच पाहिजे. तो पडून फुटत नाही, त्याला चार्जिंग लागत नाही.

प्रत्येक दिवसाच्या वाटेवर 'सुटकेची वाट' खुणेने दाखवून ठेवा: इथून हवा बिघडली, तर कोणत्या खोऱ्यातून खाली उतरता येईल. मधे तीन-चार तास अशी एकही वाट नसेल, तर तो टप्पा सकाळी लवकर आणि हवामानाची खात्री असतानाच करायचा.

थंडी जमिनीतून येते

रात्र वाईट जाण्याचं कारण विचारलं, तर बहुतेक जण स्लीपिंग बॅगला दोष देतात. दोष बहुधा खालच्या मॅटचा असतो. बॅगमध्ये ऊब धरते ती भरावात अडकलेली हवा. अंगाखाली तो भराव दाबला जातो, हवा निघून जाते आणि पाठीला थेट जमीन भिडते. जमिनीपासून तोडायचं काम मॅटचं. मॅटची ऊब धरण्याची क्षमता आर-मूल्यात सांगतात. गरम रात्रींना २ पुरतं, पाणी गोठण्याच्या आसपास ४ लागतं, बर्फावर झोपायचं तर ५ किंवा जास्त. एकावर एक दोन मॅट टाकल्या, तर मूल्यांची बेरीज होते. म्हणून लांबच्या मोहिमेला हवेच्या मॅटखाली एक पातळ फोमची मॅट घेणं शहाणपणाचं. हवेची फुटली, तरी रात्र निभते, आणि जखमी माणसाला खाली काहीतरी घालता येतं.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन-तीन आकडे छापलेले असतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पहिला 'कम्फर्ट', म्हणजे सैल पडून आरामात झोप लागेल असं तापमान. दुसरा 'लिमिट', म्हणजे अंग मुडपून कशीबशी रात्र काढता येईल असं. तिसरा 'एक्स्ट्रीम' हा झोपेचा आकडाच नव्हे. तिथे जीव वाचेल एवढीच अपेक्षा आहे, बोटं हिमदंशाने जाऊ शकतात. दुकानाच्या जाहिरातीत बहुधा सर्वांत थंड आकडा ठळक असतो. निवड 'कम्फर्ट'वरूनच करा, आणि तो आकडा अपेक्षित किमान तापमानापेक्षा चार-पाच अंश थंड असू द्या. हवामानाचा अंदाज जवळच्या गावाचा असेल, तर दर १००० मीटर उंचीला साधारण साडेसहा अंश वजा करा. गावात १० अंश असतील आणि तुमचा मुक्काम १५०० मीटर वर असेल, तर पाणी गोठणार असं धरून चाला.

पिसांची बॅग हलकी आणि फार उबदार, पण भिजली की पिसं चिकटून बसतात आणि ऊब संपते. कृत्रिम धाग्याची जड असते, मात्र ओली झाली तरी थोडीफार तग धरते. पावसाळी मुलखात दुसरी बरी. कोणतीही घेतली, तरी ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड पीळ देऊन बांधून, सॅकच्या तळाशी. सॅकवर चढवायचं पावसाळी कव्हर यासाठी पुरेसं नाही. पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच. त्याच पिशवीत झोपायचे कोरडे कपडे आणि मोजे ठेवा. चालताना कितीही भिजलात, तरी त्यांना हात लावायचा नाही. सकाळी ओलेच कपडे पुन्हा चढवायचे. नकोसं वाटतं, पण चालायला लागलं की दहा मिनिटांत अंग तापतं. उलट कोरडे कपडे दिवसा भिजवले, तर रात्री घालायला काही उरत नाही.

सुती कपडे टाळा. सूत पाणी धरून ठेवतं, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. अंगाला लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर उबेचा थर, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. चढ सुरू होण्याआधी एक थर काढा, थोडं गार वाटलं तरी चालेल. घामाने भिजणं हे पावसाने भिजण्याइतकंच वाईट. थांबलात की लगेच थर चढवा.

अंगाचं तापमान उतरणं, म्हणजे हायपोथर्मिया, यासाठी बर्फ लागतो असं नाही. ५-१० अंश तापमान, पाऊस आणि वारा एवढं पुरतं. पहिली लक्षणं स्वतःला कळत नाहीत, सोबत्यांना दिसतात: चालताना ठेचकाळणं, चेन न लागणं, बोलणं जड होणं, विनाकारण चिडचिड, एकदम गप्प होणं. हे दिसलं की पुढे जायचं नाही. आडोसा करा, ओले कपडे काढा, खाली मॅट घाला, कोरड्यात गुंडाळा, गिळता येत असेल तर गोड गरम पेय द्या. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. थरथर थांबली आणि माणूस तरीही थंड, गुंगीत असेल, तर ते बरं होण्याचं लक्षण नव्हे. हृदय नाजूक अवस्थेत असतं, त्या माणसाला आडवंच ठेवून फार हळुवार हलवायचं आणि मदत मागवायची.

पाणी: वजन आणि जंतू

एक लिटर म्हणजे एक किलो, यातून सुटका नाही. चालताना ताशी अर्धा लिटर धरा, कडक उन्हात एक लिटरपर्यंत. स्वयंपाकाला आणि रात्रीला माणशी आणखी दीड-दोन लिटर. नकाशावरची निळी रेषा म्हणजे पाणी असेलच असं नाही. तुटक रेषा हंगामी ओढ्याची असते. त्या भागात नुकतंच जाऊन आलेल्याला किंवा वनखात्याच्या माणसाला विचारा, आणि पुढचा पाणवठा कोरडा निघाला तर मागच्यापर्यंत परत येता येईल इतकं पाणी जवळ ठेवा. तहान लागेल तसं प्या आणि सोबत खारट काहीतरी खा. तहान नसताना लिटरच्या लिटर नुसतं पाणी ढोसलं, तर रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस गंभीर आजारी पडतो, आणि लक्षणं उष्माघातासारखी दिसल्यामुळे त्याला आणखी पाणी पाजलं जातं.

झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसलं, तरी शुद्ध करूनच प्या. वरच्या बाजूला मेलेलं जनावर दिसत नाही. खात्रीची पद्धत उकळण्याची: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. सोयीची पद्धत ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनच्या पोकळ तंतूंच्या फिल्टरची. त्यात जिवाणू आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम यांसारखे परजीवी अडकतात. विषाणू त्याहून बारीक असल्यामुळे पार होतात. वरच्या अंगाला वस्ती असेल, तर फिल्टरनंतर पाणी शुद्ध करण्याची गोळीही टाका. या फिल्टरचा एक घात लक्षात ठेवा: एकदा वापरल्यावर आत पाणी राहतं, ते गोठलं की तंतू चिरतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी नेहमीसारखं येतं, पण गाळणं संपलेलं असतं. थंड रात्री फिल्टर पिशवीत घालून बॅगमध्ये उशाशी घ्या. गोठल्याचा संशय असेल, तर तो बाद.

क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या वजनाला काहीच नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या खिशात असाव्यात. बहुतेक जंतूंना अर्धा तास लागतो, पण क्रिप्टोस्पोरिडियमला चार तास. गढूळ पाणी आधी निवळू द्या आणि कापडातून गाळा. मातीत औषध वाया जातं आणि फिल्टरही तुंबतो. खाणीचं किंवा फवारणी झालेल्या शेतांचं पाणी मात्र यातल्या कशानेच पिण्यालायक होत नाही. रसायन उकळून जात नाही.

अन्न, इंधन आणि चुलीचे धोके

ओझं घेऊन दिवसभर चालणाऱ्याला ३००० ते ४००० कॅलरी लागतात. कोरडा शिधा ग्रॅमला सरासरी साडेचार कॅलरी देतो, म्हणजे माणशी रोज साधारण ६५० ते ९०० ग्रॅम. पाच दिवसांच्या वाटेला सहा दिवसांचा शिधा घ्या. तो सहावा दिवस न शिजवता खाता येईल असा असू द्या, कारण अडकता तेव्हा इंधनही संपत आलेलं असतं. दाणे, सुकामेवा, तेल यांत वजनाच्या मानाने सर्वांत जास्त बळ आहे. खोकी घरीच फोडून दिवसवार पिशव्या करा, म्हणजे तिसऱ्या दिवशीच शिधा संपत आल्याचं पाचव्या दिवशी कळत नाही.

गॅसचा हिशेब असा: झाकण ठेवून, वारा नसताना एक लिटर पाणी उकळायला १० ते १२ ग्रॅम गॅस. वारा आणि थंडीत दुप्पट. दोघांना जेवण-चहासाठी दिवसाला ३ लिटर म्हणजे थोड्या वाऱ्यासकट ५० ग्रॅम धरा. २३० ग्रॅमचं कॅनिस्टर, म्हणजे गॅसचा छोटा डबा, चार दिवस आरामात जातं. पिण्याचं सगळं पाणीही उकळायचं ठरवलं, तर तेच दीड-दोन दिवसांत संपेल. फिल्टर न्यायचं एक कारण हेही आहे.

थंडीत कॅनिस्टर अर्धं भरलेलं असूनही ज्योत मरते. नुसतं ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायूच होत नाही, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत तग धरतं. मिश्रणातलं प्रोपेन आधी जळून जातं आणि मागे हटवादी ब्युटेन राहतं. त्यामुळे आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि रात्री कॅनिस्टर बॅगमध्ये घ्या. स्टोव्ह कॅनिस्टरच्या डोक्यावर बसणारा असेल, तर भोवती वारा अडवायचा पत्रा पूर्ण गुंडाळू नका. कॅनिस्टर तापून फुटू शकतं. आणि विमानात कॅनिस्टर चालत नाही, ते उतरल्यावर मिळणार आहे का हे आधी बघा.

तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका, कितीही पाऊस असला तरी. आगीचा धोका दिसतो तरी. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस उठत नाही.

शिध्याचा वास जनावरांना येतो. उंदीर सॅक कुरतडतात, मोठी जनावरं त्याहून वाईट. अस्वलांच्या मुलखात शिधा घट्ट झाकणाच्या खास डब्यात किंवा जमिनीपासून ४ मीटर उंच आणि खोडापासून दीड मीटर लांब टांगून, तंबूपासून ७०-१०० पावलांवर ठेवतात. टूथपेस्ट, साबण, रिकामी पाकिटं हेही त्याच पिशवीत.

सॅक

घरचा वजनकाटा काढा आणि प्रत्येक वस्तू मोजून लिहा. पाणी-शिध्यासह एकूण वजन आपल्या वजनाच्या एक-पंचमांशाच्या आसपास राहिलं तर चाल टिकते. कमी करायचं ते जादा कपडे, जादा भांडी, जाड पुस्तकं. पावसाळी जॅकेट, हेडटॉर्चचे जादा सेल, शिट्टी, प्रथमोपचार यांना कात्री लावू नका. जड सामान पाठीला लागून, खांद्यांच्या फळीच्या पातळीला. तळाशी ठेवलं तर खाली ओढतं, बाहेरच्या बाजूला ठेवलं तर मागे. कंबरपट्टा नितंबांच्या हाडावर आवळला, की बहुतेक भार खांद्यांवरून तिथे उतरतो.

हेडटॉर्च, शिट्टी, गोळ्या, काडेपेटी, एक वेळचं खाणं आणि अंगाभोवती घेता येईल अशी आपत्कालीन पिशवी प्रत्येकाकडे स्वतंत्र हवी. गटाचा एकच नकाशा एकाच सॅकमध्ये असतो आणि चुकतो तो नेमका दुसराच माणूस.

तंबू कुठे नको

चांगली जागा शोधण्याआधी वाईट जागा वगळा. मान वर करून बघा: सुकी फांदी किंवा वाळकं झाड डोक्यावर असेल, तर तिथून हला. कोरड्या नदीपात्रात, घळीच्या तोंडाशी तंबू नको. पाऊस दहा किलोमीटर वर पडतो आणि लोंढा निरभ्र आकाशाखाली येतो. दगडांच्या कपारीत अडकलेला पालापाचोळा पाण्याची शेवटची पातळी सांगतो. खोऱ्याच्या अगदी तळाला रात्री थंड हवा साचते; पंधरा-वीस मीटर वर चढलात, तरी फरक जाणवतो. उघड्या धारेवर वारा आणि वीज. पाण्यापासून ६० मीटर, म्हणजे ७०-८० पावलं, लांब राहा. शौचालाही तेच अंतर, आणि खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल. हात साबणाने धुवा. नुसतं सॅनिटायझर पोट बिघडवणाऱ्या काही विषाणूंवर फारसं चालत नाही, आणि जुलाब हे रानातून मोहीम गुंडाळण्याचं फार साधं कारण आहे.

तंबूचे तणावे सुरुवातीलाच ताणून बांधा, वारा सुटल्यावर नव्हे. वरचं कापड आतल्या तंबूला कुठेच टेकता कामा नये, टेकलं तिथून पाणी झिरपतं. खाली घातलेला ग्राउंडशीटचा तुकडा तंबूच्या बाहेर डोकावत असेल, तर तो पावसाचं पाणी गोळा करून थेट तुमच्या खाली आणतो. आत दुमडून घ्या. झरोके उघडे ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून थिजून बॅगवर ठिबकते.

वीज चमकल्यापासून गडगडाट यायला ३० सेकंदांहून कमी लागले, तर वादळ १० किलोमीटरच्या आत आहे. धार, एकटं झाड, पाणी सोडून खाली या, एकमेकांपासून लांब थांबा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. तंबू विजेपासून काहीही संरक्षण देत नाही.

नदी ओलांडणं हा बहुधा साऱ्या वाटेवरचा सर्वांत घातक भाग, आणि त्याची तयारी म्हणजे न ओलांडण्याची तयारी. पाण्यात काटकी टाका. ती तुमच्या चालीपेक्षा वेगाने गेली आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर थांबा. अरुंद जागा मोहात पाडते, पण तिथेच पाणी खोल आणि वेगवान असतं; रुंद, फाटे फुटलेला भाग बघा. खाली धबधबा, झाडांचा खच असेल, तर तिथून नको. बूट घालूनच उतरा, कंबर आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल. बर्फवितळीची नदी पहाटे सर्वांत कमी असते. पावसाने फुगलेलीही बहुधा काही तासांत उतरते, आणि तो सहाव्या दिवसाचा शिधा अशा वेळी उपयोगी पडतो.

शरीर

नवे बूट नेऊ नका. पायाला चटका जाणवला की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावण्यात अर्थ नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत हवं ते: दाब देण्यासाठी भरपूर गॉज, लवचीक पट्टी, चिकटपट्टी, वेदनाशामक, ॲलर्जीची गोळी, जलसंजीवनीची पाकिटं, आणि आपली नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची. पाकिटं संपली, तर एक लिटर शुद्ध पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. सापाच्या दंशाला चिरणं, चोखणं, आवळून बांधणं नको; अवयव स्थिर ठेवा आणि माणसाला शक्यतो न चालवता बाहेर काढा. २५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ सुरू झाली, तर विरळ हवेचा त्रास समजा आणि आणखी चढू नका. वाढला, तोल जाऊ लागला, तर रात्र असली तरी खाली उतरा. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. पेटीपेक्षा दोन दिवसांचं रानातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण जास्त कामाचं. गटात निदान दोघांनी ते घ्यावं, कारण जखमी होणारा त्यांतलाच एक असू शकतो.

रंगीत तालीम आणि मागे ठेवायचा कागद

निघण्याच्या तीन आठवडे आधी पूर्ण भरलेली सॅक घेऊन १५ किलोमीटर चाला. रस्त्यापासून तासाभरावर एक रात्र काढा, जमल्यास पाऊस असताना. तंबू अंधारात, हातमोजे घालून लावून बघा. कोणता तणावा तुटका आहे, कोणता बूट चावतो, कोणाला बॅग पुरत नाही, हे सगळं याच रात्री कळतं.

संकटात बोलावण्याचं साधन ठरवा. ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा आपत्कालीन बीकन कॉस्पस-सारसॅट या उपग्रह व्यवस्थेला संकेत देतो. त्याला मासिक वर्गणी नाही, चालू केल्यावर किमान २४ तास चालतो, पण तो एकतर्फी आहे आणि नोंदणी केलेली नसेल, तर कुणाला फोन करायचा हे बचाववाल्यांना कळत नाही. दुतर्फी उपग्रह संदेशयंत्राला वर्गणी लागते आणि चार्जिंगही, मात्र काय झालंय हे सांगता येतं. दोन्हींना उघडं आकाश लागतं. अरुंद घळीतून संकेत जाईलच असं नाही. काही देशांत असं यंत्र परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा नियम आधी बघा. शिट्टीचा संकेत सगळ्यांना पाठ हवा: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं.

पण यंत्र दरीत पडू शकतं, बॅटरी मरू शकते. मदतीचे ते वीस तास मोजायला सुरुवात होते तुम्ही अडकल्याचं कुणाला तरी कळल्यावर. म्हणून घरी एका विश्वासू माणसाकडे कागद ठेवा. त्यावर सगळ्यांची नावं, आजार आणि औषधं, गाडी कुठे लावली, तिचा नंबर, दिवसवार वाट आणि मुक्काम, सुटकेच्या वाटांसह, तंबू आणि जॅकेटांचे रंग, बीकनचा क्रमांक, आणि त्या भागातल्या बचावयंत्रणेचा फोन. शेवटी दोन वेळा. एक, तुम्ही परत येण्याची. दुसरी, त्यानंतर पाच-सहा तासांनी, जिच्यानंतर त्या माणसाने वाट बघायची नाही, फोन लावायचा. 'थोडं थांबून बघू' हा निर्णय त्याच्यावर सोडू नका, तो तुम्ही आधीच घेऊन ठेवा.

कागदावरची वाट रानात बदलू नका. बदलावीच लागली, तर जुन्या वाटेवर ठळक जागी चिठ्ठी आणि तारीख-वेळ ठेवा. आणि रस्त्याला लागून फोनला नेटवर्क आलं, की जेवायच्या आधी, गाडी सुरू करायच्याही आधी, पहिला फोन त्या माणसाला करा. तो राहिला, तर ठरलेल्या वेळी पथक निघेल आणि जिथे कुणीच नाही त्या रानात रात्रभर तुम्हाला शोधत राहील.